पांढरकवड्याहून ट्रॅकवर जाताना: आधी ब्रेक, मग शॉकअप

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा शर्यतीचा ट्रॅक आहे, पांढरकवड्याहून हजारेक किलोमीटरवर. गाडी चालवतच न्यायची, चालवतच आणायची आणि आल्यावर तीच पांदणीने वावरात घालायची. कामांची यादी त्या हिशोबाने करा. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा नाद सोडा. पहिल्या पावसात काळ्या मातीच्या चाकोरीत पोट टेकेल. पैसा आधी ब्रेकवर लावा.

त्यातही सर्वांत स्वस्त काम सर्वांत मोलाचं: ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा धरतं आणि मग लवकर उकळतं. डॉट हा ऑइलचा दर्जा, बाटलीवर लिहिलेला असतो. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओलावा धरल्यावर १४० पर्यंत. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. वेग दुप्पट झाला की थांबताना ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. ऑइल उकळून पाइपात वाफ झाली की पेडल नुसतं खाली जातं. म्हणून पावसाळा काढलेलं ऑइल बदलाच. गॅरेजात अर्धी बाटली पुढे केली तर "नाही भाऊ, नवीन फोडा" म्हणा. डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. पाइपातली हवा काढायला दोघं लागतात, एक पेडलवर, एक चाकाजवळच्या हवा सोडायच्या निपलवर. तेव्हा वरची ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका.

ब्रेक पॅड थोडे वरच्या दर्जाचे, पण रस्त्यावर चालणारे घ्या. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आणि हायवेवर बैल आडवा आला की तो पॅड गरम व्हायची वाट पाहत नाही. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर रुळवून घ्या: ब्रेक लावत वेग ८० वरून ३० वर, पुन्हा पुन्हा, पूर्ण न थांबता, मग थंड होईपर्यंत ब्रेक न लावता चालवा.

पॅड जिला धरतात त्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून पाहा. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना तर काढूनच बघा. रबरी टोपी फाटली की आपल्याकडचा चिखल आत जाऊन वाळतो आणि पिन जाम होते. एकाच चाकातला एक पॅड झिजलेला नि दुसरा जाड दिसला की समजा तेच. पिनेला सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचं लावलं तर रबर फुगतं.

शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर जोडीनेच बदला. बुश चिरलेत का, लिंक रॉड वाजते का, हे खड्ड्यांच्या रस्त्यावर कानांना कळतंच. सगळं झाल्यावर चाकांची अलाइनमेंट, आधी नाही.

विम्याच्या कागदात वापराच्या मर्यादा वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. डिकीत टॉर्क पाना (नट मोजून आवळायचा), हवेचा मीटर, ऑइलची सीलबंद बाटली आणि लाकडी ठोकळे टाका. पहिल्या फेरीनंतर चाकांचे नट पुन्हा तपासा, टायर गरम असतानाच हवा बघा. शेवटचा राउंड हळू मारा, आणि ब्रेक तापलेले असताना गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका: गियर टाका, चाकाला ठोकळा लावा.