गोडोमधील आवर्ती टायमर: लावावा कसा, थांबवावा कसा

खेळात दर दोन सेकंदांनी एक शत्रू मैदानात उतरवायचा असेल, तर गोडो या खेळ बनवण्याच्या इंजिनात त्यासाठी टायमर नावाचा नोड, म्हणजे खेळाचा एक सुटा घटक, तयार मिळतो आणि गोडोच्या जीडीस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतून तो हाताळता येतो. तो लावायला दोन मिनिटे पुरतात. पुढचा त्रास बहुधा तो कोणी आणि केव्हा थांबवायचा हे आधी न ठरवल्यामुळे होतो. येथील कृती गोडोच्या चौथ्या आवृत्तीला धरून दिली आहे.

प्रथम शत्रू निर्माण करणाऱ्या नोडच्या पोटात टायमर जोडावा. इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे नोडचे गुणधर्म दाखवणाऱ्या चौकटीत, ‘वेट टाइम’ (दोन वाजण्यांमधले सेकंद) २ करावा. ‘वन शॉट’ (एकदाच वाजून थांबणे) मुळातच बंद असतो, त्यामुळे टायमर आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहतो. ‘ऑटोस्टार्ट’ मात्र बंदच ठेवावा आणि लाट, म्हणजे शत्रूंची एक तुकडी येण्याचा टप्पा, सुरू होईल तेव्हा स्क्रिप्टमधून ‘स्टार्ट’ हे फंक्शन बोलवावे. टायमर पोटात ठेवण्याचा लाभ असा की मूळ नोड दृश्यातून कायमचा काढला की टायमरही त्याच्याबरोबर जातो.

यानंतर ‘टाइमआउट’ हा सिग्नल, म्हणजे टायमर वाजल्याची सूचना, शत्रू उतरवणाऱ्या फंक्शनला जोडावा, आणि हे काम ‘रेडी’मध्ये, म्हणजे नोड तयार होताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एकदाच करावे. माझ्या पहिल्या खेळात मी लाट सुरू करणाऱ्या फंक्शनमध्येच नवा टायमर तयार करून जोडत होतो. खेळाडू मेला की लाट पुन्हा सुरू होई, पण जुना टायमर तसाच चालू राही. तिसऱ्या खेपेला दोन सेकंदांत एकाऐवजी तीन शत्रू येऊ लागले, आणि मी संध्याकाळभर चूक शत्रूच्या स्क्रिप्टमध्ये शोधत बसलो. टायमर एकच ठेवला आणि दर लाटेला त्याच्यावरच ‘स्टार्ट’ बोलवले, तर हा प्रकार घडत नाही, कारण चालू टायमरवर ‘स्टार्ट’ बोलवल्यास तोच टायमर नव्याने मोजू लागतो.

आता थांबवणे. लाटेत दहा शत्रू असतील, तर सिग्नलला जोडलेल्या फंक्शनमध्ये उतरलेल्या शत्रूंची मोजणी ठेवावी आणि दहावा उतरताच ‘स्टॉप’ बोलवावे. खेळाडू मेल्यावरही तेच करावे. ‘स्टॉप’नंतर उरलेला वेळ पुसला जातो. तो राखून ठेवायचा असल्यास टायमरचा ‘पॉज्ड’ हा गुणधर्म खरा करावा. संपूर्ण खेळ थांबवल्यास साधे टायमर आपोआप थांबतात, त्यामुळे विराम-मेनूतील स्वतःच्या टायमरचा ‘प्रोसेस मोड’ तेवढा ‘ऑल्वेज’ करावा लागतो.

अनेक जण टायमर नोड न वापरता, न संपणाऱ्या लूपमध्ये ‘क्रिएट टायमर’ या फंक्शनने दर वेळी तात्पुरता टायमर बनवून तो संपण्याची ‘अवेट’ या शब्दाने वाट पाहतात. ओळी कमी लागतात हे खरे, पण आवर्ती कामासाठी ही पद्धत मी सुचवणार नाही. या टायमरला ‘स्टॉप’च नाही, आणि वेगळे सांगितले नाही तर खेळ थांबलेला असतानाही तो मोजत राहतो, खेळाडू मेनू उघडून बसलेला असताना मागे शत्रू जमत जातात. शिवाय प्रत्येक फेरी नव्याने सुरू होत असल्यामुळे फ्रेमच्या (पडद्यावर नव्याने काढल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्राच्या) हिशेबातला किंचित उशीर साचत जातो. टायमर नोड मात्र जास्तीचा गेलेला वेळ पुढच्या फेरीतून वजा करतो.

खेळ हळूहळू कठीण करण्यासाठी प्रत्येक लाटेनंतर ‘वेट टाइम’ला ०.९ ने गुणावे. फेरी चालू असताना हा बदल केला, तर तो पुढच्या फेरीपासून लागू होतो. ‘स्टार्ट’ला कंसात नवा आकडा दिला, तर मात्र मोजणी लगेच नव्याने सुरू होते आणि तो आकडा ‘वेट टाइम’ म्हणून कायम राहतो, हे विसरू नये. खालची मर्यादाही घालावी, ०.४ सेकंद पुष्कळ झाले.

टायमर एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त एकदाच वाजतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर ०.००५ सेकंदाचा टायमर दोनशे वेळा न वाजता साठच वेळा वाजेल. सुमारे ०.०५ सेकंदापेक्षा कमी अंतरासाठी टायमर सोडून द्यावा, दर फ्रेमला चालणाऱ्या ‘प्रोसेस’ फंक्शनमध्ये मिळणारा ‘डेल्टा’, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, एका चलात साठवत जावा आणि साठा अंतराएवढा किंवा त्याहून अधिक असेल तोवर ‘व्हाइल’ लूपमध्ये काम करून दर वेळी ते अंतर साठ्यातून वजा करावे.