जुन्या मोटरसायकलला इंडिकेटर बसवताना

मूळ बनावटीत इंडिकेटर नसलेल्या जुन्या मोटरसायकलला ते बसवायचे असल्यास, दिवे निवडण्यापूर्वी गाडीची वायरिंग ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, आणि बॅटरीचे कोणते टोक चॅसीला जोडलेले आहे, हे तपासावे; कारण अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थ केलेले (म्हणजे चॅसीला जोडलेले) असते आणि तेथे एलईडी नेहमीच्या पद्धतीने जोडल्यास पेटत नाहीत. एका बाजूचे २१ वॉटचे दोन बल्ब ६ व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेतात, आणि हा भार जुन्या डायनमोला, विशेषतः इंजिन मंद गतीने चालू असताना, पेलवत नाही. म्हणून माझ्या मते एलईडीच योग्य.

मात्र जुन्या पद्धतीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) बल्बच्या प्रवाहाने तापूनच उघडझाप करतो, आणि एलईडीचा प्रवाह अत्यल्प असल्याने तो नीट चालत नाही; त्याऐवजी भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. इंडिकेटर चालू असल्याचे चालकाला दाखवणारा सूचक दिवा दोन्ही बाजूंसाठी एकच ठेवल्यास त्यातून प्रवाह पलीकडे जाऊन चारही एलईडी लुकलुकतात. तेथे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड लावावेत.

प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर द्यावी, कारण रंग आणि गंज यांमुळे चॅसीतून मिळणारा अर्थ बेभरवशाचा असतो. मूळ मडगार्डला भोक मात्र कृपया पाडू नये. क्लॅम्पवर बसवलेले दिवे पुढे केव्हाही काढता येतात.