कोकणातून घाट ओलांडताना: छोट्या विमानासाठी ढग, कडा आणि परतीचे वळण

निघण्याआधी एक गणित करा. जमिनीलगतच्या तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते) वजा करा आणि उरलेल्या प्रत्येक अंशाला ४०० फूट धरा. ढगांचा तळ साधारण तेवढ्या उंचीवर असतो. पाऊस लागलेला असेल तर त्याहूनही खाली. रत्नागिरीत तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ सुमारे १,२०० फुटांवर. आंबोली २,२०० फुटांच्या वर आहे, महाबळेश्वर ४,४०० च्या. म्हणजे किनाऱ्यावर डोळ्यांनी पाहून उडण्याच्या नियमातली ५ किलोमीटर दृश्यमानता मिळाली, तरी घाटमाथा ढगात बुडालेला आहे. विमानतळाचा मेटार (हवामानाचा ठरावीक अहवाल) धावपट्टीच्या आसपासच खरा असतो, मधल्या कड्यांचे तो काही सांगत नाही. रडारची चित्रे पाहून झाली की घाटमाथ्यावरच्या एखाद्या हॉटेलात फोन लावा आणि विचारा, ‘समोरची दरी दिसते का?’ उपाय गावठी आहे, पण उत्तर रोकडे मिळते. ‘नाही’ म्हणाले तर उड्डाण रद्द.

हवा मोकळी असेल तरी उंची समुद्रावरच कमवा. सह्याद्री कोकणच्या बाजूने भिंतीसारखा उभा आहे. दमट, उष्ण हवेत चार माणसांचे भरलेले विमान मिनिटाला ५०० फूट चढत असेल, तर २,५०० फुटांना पाच मिनिटे लागतात, आणि ७५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाने तोवर साडेअकरा किलोमीटर जमीन मागे पडते. पायथ्याशी येऊन चढायला सुरुवात केली तर कडा आधी येतो. माथ्यावर किमान १,००० फूट राखा, वारा २० नॉटच्या पुढे असेल तर २,०००. डोंगराची धार ४५ अंशांच्या कोनात गाठावी, म्हणजे मागे फिरायला थोडेच वळावे लागते.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे खाली ओढणारी हवा देशाच्या बाजूला असते. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्याला ती धारेच्या अलीकडेच गाठते, शिवाय समोरून वारा. कडा नक्की मागे पडल्याशिवाय उंची सोडू नका. मोठी विमानेही यात सुटत नाहीत: जुलै १९६२ मध्ये मुंबईला येणारे अलितालियाचे डीसी-८ वेळेआधी खाली आले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले.

आता परतीचे वळण. खरा घात इथेच होतो. ९० नॉटला ३० अंश बँक (वळताना पंखांचा कल) दिली तर मागे फिरायला सुमारे ७६० मीटर रुंदी लागते. ४५ अंशांत ती ४४० वर येते, पण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो, १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दरीच्या मधोमध उडू नका. एका कुशीला राहा, म्हणजे वळायला सगळी रुंदी मिळते. हे हिशेब डोळ्यांना कडा दिसतो तोवरचे. ढगात शिरल्यावर सुरक्षित वळण म्हणजे सेकंदाला ३ अंश, बँक सुमारे १४, वेळ एक मिनिट. त्याला जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदी लागते. कोकणातल्या दरीत एवढी जागा क्वचितच मिळते. त्यात १९५४ च्या इलिनॉय विद्यापीठातील प्रयोगात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले वैमानिक सरासरी १७८ सेकंदांत ताबा घालवून बसले. तेव्हा समोरची धार पुसट होऊ लागली की लगेच वळा. ‘पुढच्या वळणावर मोकळे असेल’ या आशेवर थांबू नका.

तरीही आत शिरलातच, तर नजर कृत्रिम क्षितिजावर (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर), पंख सपाट, पूर्ण शक्तीने चढा. कान आणि पाठ जे सांगतील ते खोटे समजा. माथ्याच्या वर आल्यावर, किंवा रुंदीची खात्री असेल तरच, हलके वळून पश्चिम धरा: तिकडे जमीन उतरत जाते आणि पुढे समुद्र येतो. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र) संकटाचा संकेत ७७००, रेडिओवर संकटाची वारंवारिता १२१.५.

कार्ब्युरेटरचे (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) इंजिन असेल तर शक्ती कमी करण्याआधी कार्ब हीट, म्हणजे त्यात गरम हवा सोडणारी कळ, पूर्ण ओढा. कोकणच्या दमट हवेत २५ अंशांतही आत बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आधी घटून मग वाढला, तर बर्फ होता असे समजा.