टॅबची गर्दी कीबोर्डने आवरा

दादर-परळला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात गेलात, तर एकाच ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे दिसतात: मालमत्ता कराचं बिल, अकरावीचा अर्ज, रेल्वेचं तिकीट, गिऱ्हाइकाचा मेल. एवढी गर्दी झाली की टॅबची नावं दिसेनाशी होतात आणि माउस नको त्या फुलीवर पडतो. पुढच्या कळा विंडोजवरच्या क्रोम आणि एजच्या आहेत. फायरफॉक्समध्येही बऱ्याचशा त्याच चालतात.

आधी कंट्रोल+शिफ्ट+टी शिकून घ्या. चुकून बंद केलेला टॅब परत येतो, तोही आपल्या जुन्या जागी आणि मागे जाण्याच्या बाणासकट. पुन्हा पुन्हा दाबत राहिलात तर त्याआधी बंद केलेले टॅबही एकेक करून उघडतात. कंट्रोल+डब्ल्यूने एक टॅब बंद होतो, पण बोट शिफ्टवर गेलं तर अख्खी खिडकीच मिटते. तीसुद्धा कंट्रोल+शिफ्ट+टीनेच परत मिळते. मात्र इनकॉग्निटोमधला, म्हणजे खासगी खिडकीतला, टॅब गेला की गेला. शिवाय परत आलेलं पान नव्याने लोड होत असल्यामुळे अर्धवट भरलेला फॉर्म तसाच मिळेल याची खात्री नाही, आणि बँकेची साइट बहुधा पुन्हा लॉगिन मागते. लांबलचक अर्जात ‘सेव्ह’चं बटण असेल तर प्रत्येक टप्प्यावर दाबाच.

दिवसभर लागणारे टॅब पिन करून ठेवा: टॅबवर राइट क्लिक करा आणि ‘पिन’ निवडा. पिन केलेला टॅब डावीकडे जाऊन बसतो, म्हणजे त्याचा क्रमांक पक्का होतो. मेल पहिला आणि ड्राइव्ह दुसरा ठेवलात तर कंट्रोल+१ म्हणजे कायम मेल, कंट्रोल+२ म्हणजे ड्राइव्ह. कळा ८ पर्यंत अशाच चालतात. ९ दाबलं की मात्र नववा नाही, सगळ्यात शेवटचा टॅब उघडतो. कितीही शॉर्टकट पाठ केलेत तरी सगळ्यात जास्त वेळ या एका सवयीने वाचतो.

मधल्या गर्दीतला टॅब शोधायला कंट्रोल+शिफ्ट+ए दाबा आणि पानाच्या नावातलं एखादं अक्षर-शब्द टाइप करा. फायरफॉक्समध्ये हीच कळ ॲड-ऑनचं पान उघडते. तिथे ॲड्रेस बारमध्ये % टाकून स्पेस द्या आणि मग शब्द लिहा. शेजारच्या टॅबवर जायला कंट्रोल+टॅब, उलट यायला त्यात शिफ्ट. लिंक मागच्या मागे नव्या टॅबमध्ये उघडायची असेल तर कंट्रोल धरून क्लिक करा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड घातलेले असतील, तर कंट्रोल+शिफ्ट दाबून तिसरी कळ न दाबताच बोटं उचलली की लेआउट बदलू शकतो आणि पुढची अक्षरं भलतीच उमटतात. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडून तिथला हा शॉर्टकट काढून टाका. भाषा बदलायला विंडोज+स्पेस आहेच.

मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड धरा. कंट्रोल+टॅब तेवढं तसंच राहतं. कमांड+डब्ल्यूच्या अगदी जवळ कमांड+क्यू आहे आणि त्याने सगळा ब्राउझर बंद होतो. म्हणून क्रोमच्या मेनूत ‘वॉर्न बिफोर क्विटिंग’ सुरू करून ठेवा.