पीएचडीचा अर्ज टाकण्याआधी गाइडच्या पेपरांची यादी अशी वाचा

"मॅडम, ह्या सरांचा एच-इंडेक्स तीस आहे. चांगला ना?" नेरूळला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एमएस्सीची पोरं दर वर्षी हा प्रश्न घेऊन येतात. खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्राला, अर्ज टाकायचा असतो आणि गाइड ठरवायचा असतो मोबाइलवरच्या एका आकड्यावरून. आकडा बघू, पण आधी यादी.

यादी गोळा करतानाच नाव आडवं येतं. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, नुसतं 'पाटील एस' टाकलंत तर मतदार यादीच उघडते. म्हणून नावाला संस्थेची जोड द्या. ज्येष्ठांच्या बाबतीत परळचं कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटही टाकून बघा. ही मंडळी 2002 मध्ये खारघरला आली, त्याआधीचे पेपर परळच्या पत्त्यावर आहेत. शिवाय 2014 च्या आधी पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचं. त्यामुळे तेव्हाचे बरेच पेपर पत्त्यावरून सापडतच नाहीत, ते विषय आणि सहलेखकांवरून हुडकावे लागतात. गाइड मॅडम असतील आणि त्यांचं आडनाव लग्नानंतर बदललं असेल तर दोन्ही नावांनी शोधा. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी क्रमांक मिळाला तर निम्मं काम वाचतं.

आता यादीची प्रिंट काढा. हो, कागदावरच. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पेपरात गाइडचं नाव कितवं आहे ते खुणा करत जा. मॉलिक्युलर बायॉलॉजीत पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं असतं, शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं. मधल्या नावांचा वाटा नमुने पुरवण्यापासून आकडेमोडीपर्यंत काहीही असू शकतो. पन्नास-साठ लेखकांच्या पेपरात मध्ये कुठेतरी नाव असेल तर त्याची सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांनी केलेले त्याचे उल्लेख, वेगळी मांडा. एकूण बेरजेतून ती वजा केल्यावर कधी कधी आकडा निम्म्यावर येतो, आणि उरतं ते त्या लॅबचं स्वतःचं काम.

मग सगळ्यात जास्त सायटेशनचा पेपर उघडा. तो आधीच्या कामाचा आढावा घेणारा रिव्ह्यू आहे, पद्धत सांगणारा आहे की नवा शोध? प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या लाउरींच्या 1951 च्या पेपराला तीन लाखांहून जास्त सायटेशन्स आहेत, कारण ती पद्धत वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. 'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स'चा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या अलीकडच्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी, दोनशेच्या वर जातो, त्यातही मोठा हात कॅन्सरच्या आकडेवारीच्या लेखांचा. प्रत्येक पेपराची सुरुवात 'जगात दरवर्षी इतक्या लोकांना कॅन्सर होतो' अशी करायची पद्धतच पडली आहे, आणि त्या वाक्याला आधार लागतो! म्हणून गूगल स्कॉलरवर सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारून तीन-चार पेपर उघडा आणि आपल्या गाइडचा उल्लेख कुठे आला आहे ते वाचा. प्रस्तावनेतल्या सात-आठ संदर्भांच्या जुडीत आला असेल तर फारसं काही नाही. 'त्यांचा निष्कर्ष आम्ही दुसऱ्या सेल लाइनवर तपासला' असं निकालांच्या भागात लिहिलेलं असेल तर तो एक उल्लेख पन्नासांना भारी. उल्लेख करणारी त्यांचीच लॅब आहे का, हेही इथेच कळतं.

आता एच-इंडेक्स. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेलं हे माप. सायटेशन्स 40, 22, 9, 6, 5, 3 अशी असतील तर एच पाच, कारण किमान पाच सायटेशन्स असलेले पाच पेपर आहेत. हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधी उतरत नाही. दहा वर्षांत एकही पेपर न लिहिलेल्याचाही तीस राहतो, नव्याने लॅब थाटलेल्या हुशार बाईंचा आठच असतो. स्कॉलरचा आकडा स्कोपस या दुसऱ्या सूचीपेक्षा सहसा मोठा येतो, म्हणून एकाचा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेऊन तुलना करू नका. इम्पॅक्ट फॅक्टर तर जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे. त्यावर मी वेळ घालवत नाही.

पबपीअरवर, म्हणजे छापून आलेल्या पेपरांवर शेरे लिहायच्या वेबसाइटवर, नाव टाकून बघायला मात्र विसरू नका. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीची तीच पट्टी दोन पेपरांत वेगवेगळ्या प्रथिनाच्या नावाने दिसली, अशा तक्रारी तिथे चित्रांसकट असतात. नुसत्या तक्रारीवरून कुणाला दोषी धरू नका, लेखकांनी उत्तर काय दिलंय ते वाचा. पेपर मागे घेतला असेल तर पबमेडवरच तशी ठळक सूचना दिसते.

शेवटी गेल्या पाच-सहा वर्षांच्या पेपरांतली पहिली नावं एका बाजूला लिहून काढा. यातले बरेचसे त्या लॅबचे विद्यार्थी असतात. प्रत्येकाचा पहिला पेपर कोणत्या साली आला आणि तो लॅबमध्ये आला कधी, हे जुळवा. एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय आणि बाकीची मुलं कायम मधल्या रांगेत असतील, तर त्यांच्यापैकी एखाद्याला मेल टाका. बाहेर पडलेले विद्यार्थी सहसा मोकळेपणाने बोलतात, विशेषतः फोनवर.