पफरच्या ताटातल्या गोगलगायी

पफर मासे घरी येईपर्यंत माझं गोगलगायींशी वैर होतं. माशांच्या टाकीसाठी पाणवनस्पतींची जुडी आणली की तिच्यासोबत दोन-चार फुकट यायच्या, महिन्याभरात काचेवर पन्नास दिसायच्या आणि मी रात्री जेवणं झाल्यावर चिमट्याने वेचत बसायचे. एकदा त्यावरून दुकानदाराशी हुज्जतही घातली होती. वर्षभराने त्याच दुकानात जाऊन "मूठभर गोगलगायी द्या ना" म्हणाले, तेव्हा तो जो हसला तो अजून आठवतो. पैसे मात्र घेतले नाहीत.

कारण होतं सहा पी पफर, म्हणजे वाटाणा पफर. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला हा मासा, पूर्ण वाढला तरी अंगठ्याच्या पेराएवढा. होरा आणि नायर यांनी १९४१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. निसर्गात आता तो कमी होत चालला आहे, त्यामुळे घ्यायचाच असेल तर टाकीत पैदास केलेला मागा. खाण्याच्या बाबतीत भारी नखरेल. माशांच्या तयार खाण्याचे फ्लेक्स, गोळ्या तोंडात घेतो आणि थुंकतो. त्याला हलणारं काहीतरी लागतं. ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक जिवंत किडे, त्यांच्या घाणीची मला धास्ती वाटते, गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, रोज परवडत नाहीत. गोगलगाय मात्र त्याचा हक्काचा घास. मोठ्या जातींच्या पफरचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजायला कडक शंख लागतो, हे खरंच. पण माझे पी पफर शंख क्वचितच फोडतात, आतलं मांस ओढून काढतात. म्हणून दातांपेक्षा मला शिकार महत्त्वाची वाटते. पफर थबकतो, एकेक डोळा वेगवेगळा फिरवतो, गोगलगायीने मान बाहेर काढेपर्यंत वाट बघतो. दिवसभर कोपऱ्यात रुसून बसलेला मासा त्या दोन मिनिटांत जागा होतो.

म्हणून मी पफरसाठी गोगलगायी घरीच वाढवते. आता जात कोणती ते. मी दोन पाळते. पहिली ब्लॅडर स्नेल: पातळ, तपकिरी, अर्धपारदर्शक शंख, आणि टोक वर धरून समोरून बघितलं तर तोंड डाव्या बाजूला. शंखाला झाकण नसतं, त्यामुळे पफरला सोपी. दुसरी रॅम्सहॉर्न, जिलबीसारखी चपटी गुंडाळी. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून फिकट जातीच्या रॅम्सहॉर्न लालसर दिसतात. दोन्हींमध्ये प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे जोड्या जुळवण्याची भानगड नाही. ट्रम्पेट स्नेल, म्हणजे वाळूत घुसणारी लांबट शंकूसारखी, घेऊ नका. शंख टणक, तोंडावर झाकण, पी पफर तिच्यापुढे हात टेकतो. नेराइट जातीची गोगलगाय तर मुळीच नको. ती अंडी घालते, पण अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत.

तळ्यातून, भातखाचरातून किंवा गुरांच्या डोबीतून गोगलगायी उचलून आणण्याचा मोह टाळा. आपल्याकडची गावठी रॅम्सहॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस, गुरांच्या रक्तातल्या पर्णकृमींची, म्हणजे चपट्या परजीवी कृमींची, वाहक आहे. लिम्निया जातीच्या गोगलगायी यकृतातल्या पर्णकृमींच्या. आणि हे फक्त गुरांपुरतं समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांनाच असा कृमिरोग झाल्याचं आढळलं होतं, तोही पाण्यातल्या एका बारीकशा गोगलगायीमार्फत. दुकानातून किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या टाकीतून घ्या. अगदीच इलाज नसेल तर पानाला चिकटलेली अंडी तेवढी आणा, मोठ्या गोगलगायी तिथेच राहू द्या. हे कृमी आईकडून अंड्यात जात नाहीत. आणि गोगलगायींच्या टबात हात घातला की साबणाने धुवायचाच, गोगलगायी कुठूनही आणलेल्या असोत.

माझी सगळी शेती पुण्यात धनकवडीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, पंचवीस-पंचवीस लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टबांत आहे. दोनच का? एकात काही बिघडलं तर दुसरा हाताशी राहतो. आणि बिघडतं, ते पुढे सांगते. टबाला थेट ऊन नको, उजेड हवा. तळाला वाळू घालू नका, घाण दिसत नाही. एक साधा स्पंज फिल्टर, जो एअर पंपावर चालतो, एवढं यंत्र पुरे. या गोगलगायी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यामुळे पंप बंद पडला तरी लगेच मरत नाहीत. पण स्पंज पाणी साफ ठेवतो आणि त्यावर जमणारा बुळबुळीत थर पिल्लं चरतात. पिल्लांसाठी सुकलेलं देशी बदामाचं एखादं पान टाकते, सोसायटीच्या फाटकाशी झाड आहे. पाणी काठोकाठ भरू नका, चार बोटं खाली ठेवा. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते ब्लॅडर स्नेलला तंतोतंत लागू आहे. रात्रीत भिंत चढून बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर पायाखाली कुरकुरते.

वर जाळी बांधा. मच्छरदाणीचं कापड आणि इलॅस्टिक. मासा नसलेलं स्वच्छ, साठलेलं पाणी म्हणजे डेंगीच्या डासाला आमंत्रण, आणि अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं आमच्याकडे कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला आली तेव्हा टब बघून त्यांचे डोळे मोठे झाले होते. जाळी दाखवली, एकाने वाकून आत बघितलं, "हे पाळताय?" म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. जाळी असूनही अळ्या दिसल्याच तर गाळणीने काढून पफरना घाला. फुकटची मेजवानी.

खरा विषय आहे पाण्याचा. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पुण्याचं धरणाचं पाणी पावसाचं, मऊ. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या रॅम्सहॉर्नच्या शंखांवर मधोमध, म्हणजे सर्वांत जुन्या भागावर, पांढरे खड्डे पडले. काहींना तर भोकं. गोगलगायी जिवंत होत्या, पण अंडी जेमतेम. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, पीएच मोजायला विसरले याची लाजच वाटली. ६.४ निघाला. पाणी आम्लाकडे झुकलं की शंख विरघळतो, इतकं सरळ. आता मी नळाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी निम्मं-निम्मं वापरते, पीएच साडेसातच्या आसपास राहतो. आरओचं पाणी या कामाचं नाही, त्यातले क्षार काढून टाकलेले असतात. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडू द्या, मग घाला.

वरून कॅल्शियम द्यायला सगळे अंड्याची टरफलं सुचवतात आणि ती चांगलीच: उकळायची, वाळवायची, कुटून टाकायची. पण आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंना अंडं चालत नाही. मग मी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन आणला, पिंजऱ्यातल्या पोपटांना देतात तोच. औषधी वस्तू म्हणून तो घरात मानाने आला. माकुलीच्या जातीतल्या प्राण्याचं ते हाड असतं, हे मी आजतागायत सांगितलेलं नाही. समुद्रफेन आधी तरंगतो. दहा मिनिटं उकळा किंवा दगडाखाली दाबा. अंगठ्याएवढा तुकडा एका टबाला दीड-दोन महिने जातो. त्यावर गोगलगायी अक्षरशः चरताना दिसतात. खायचा चुना मात्र घालू नका. पीएच एका झटक्यात इतका वर जातो की कॅल्शियम देण्याच्या नादात सगळ्याच मराव्यात.

खायला काय? दोडका, दुधी, काकडी. चकत्या करून, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून, थंड करून. साल काढते, कारण फवारणीचा भरवसा नाही. पालक त्यांना आवडतो, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याचं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही, म्हणून तो आठवड्यातून एकदाच. शेवग्याचा पाला चांगला. देठासकट जुडी करून दोऱ्याने बांधा, नाहीतर बारीक पानं टबभर होतात. आणि हे सगळं असलं तरी एक दिवसाआड तळाशी राहणाऱ्या माशांच्या खाण्याची, बुडणारी एक गोळी घालाच. निव्वळ भाजीवर वाढलेली गोगलगाय सावकाश वाढते आणि आत मांस कमी भरतं. पफरला तुम्ही शंख खाऊ घालत नाही आहात, तो शंखातली दोडक्याची आणि गोळीची पुण्याई खातोय. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी काढून टाका. पाण्याला वास आला, गोगलगायी सगळ्या वर काठाशी जमल्या, तर खाणं जास्त झालंय: निम्मं पाणी बदला आणि दोन दिवस उपास. एरवी आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलते, ते कुंड्यांना जातं. माझा मोगरा त्यावरच आहे.

मी पहिल्या टबात डझनभर ब्लॅडर आणि आठ रॅम्सहॉर्न सोडल्या, फेब्रुवारीत. आठवड्यातच काचेसारखे पारदर्शक जेलीचे थेंब दिसले. ब्लॅडरची अंडी लांबट घोळक्यात, रॅम्सहॉर्नची चपट्या पिवळसर टिकल्यांत, एकेका टिकलीत दहा-वीस. उन्हाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत पिल्लं, थंडीत त्याच्या दुप्पट दिवस. ब्लॅडर सव्वा-दीड महिन्यात स्वतः अंडी घालायला लागते, रॅम्सहॉर्न त्याहून थोडी उशिरा. इथेच लोकांचा धीर सुटतो. पिल्लं दिसली की रोज काढायला लागतात आणि महिन्याभरात टब रिकामा. पहिले दोन महिने एकही काढू नका. त्यानंतरही करंगळीच्या नखापेक्षा मोठ्या रॅम्सहॉर्नला हात लावू नका, त्या तुमच्या गाभण गाई. एप्रिलच्या शेवटी मी पहिल्यांदा वेचल्या, तेव्हा मोजणं अशक्य होतं.

वेचायची युक्ती सोपी आहे. संध्याकाळी दोडक्याची चकती टाका, सकाळी उचला. तिच्यावर पन्नास-साठ लहान-मोठ्या असतात. चकती चाळणीत झटका, हव्या तेवढ्या घ्या, बाकी परत. आठवडाभर एका टबातून, पुढचा आठवडाभर दुसऱ्यातून. माझे सहा पफर, प्रत्येकाला दिवसाला दोन-तीन, आठवड्यातून चार दिवस. बाकी दिवस ब्लडवर्म, आणि एक दिवस काहीच नाही. गोगलगाय पफरच्या डोळ्याएवढी किंवा थोडी मोठी असावी. त्याहून मोठी घातली तर तो तिची शिंगं आणि डोळे तोडतो, खात मात्र नाही, आणि जखमी गोगलगाय कोपऱ्यात मरून अमोनिया वाढवते. पोट वाटाण्यासारखं गोल झालं की थांबा. रिकामे शंख तळाशी राहू दिले तरी चालतं. आत मांस उरलेले, वास येणारे तेवढे काढा.

आता बिघडण्याचं. गेल्या वर्षी मी दोन दिवस माहेरी गेले. टबातलं पाणी उन्हाने खाली गेलेलं सासूबाईंना दिसलं. त्यांनी मायेने, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी ओतलं, जे त्या स्वतः पितात. सगळं पाणी एकाच टबात. मी परतले तेव्हा सगळ्या गोगलगायी शंखात आक्रसून तळाशी पडल्या होत्या, दुसऱ्या दिवशी घाण सुटली. माणसाला गुणकारी वाटणारं तेवढं तांबं गोगलगायीला विष आहे. अंडीसुद्धा फुटली नाहीत. सासूबाईंना किती वाईट वाटलं ते सांगायला नको, चार दिवस बाल्कनीत आल्या नाहीत. दुसरा टब होता म्हणून मी वाचले. तेव्हापासून टबाजवळ एक निळी प्लास्टिकची बादली आहे आणि तिच्यावर मार्करने "गोगलगाय" लिहिलंय.

तांबं आणखी आडमार्गानेही येतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या अनेक औषधांत ते असतं, म्हणून औषध दिलेल्या टाकीतलं पाणी, जाळी, स्पंज टबात नेऊ नका. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय असेल तर तेही पाणी नको. वनस्पतींवरच्या गोगलगायी मारायला लोक तुरटीच वापरतात.

जास्त झाल्या तर नाल्यात, नदीत सोडू नका. ब्लॅडर स्नेल मूळची अमेरिकेतली, जिथे सुटली तिथे पसरली आहे. मी जास्तीच्या गोगलगायी डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवते, तळाशी, मटारच्या मागे, आणि नंतर कुंडीच्या मातीत पुरते.

दिवाळीत आठ दिवस गावी जायचं होतं तेव्हा शेजारणीला पफरना खायला घालायला सांगणं जिवावर आलं. पाणी बदललं, टाकीत चाळीस बारीक ब्लॅडर सोडल्या, वनस्पतींच्या गर्दीत, आणि कुलूप लावलं. परत आले तर पोटं व्यवस्थित, पाणी स्वच्छ. तळावरचे शंख मोजले: सदतीस रिकामे. उरलेल्या तिघी फिल्टरच्या नळीत बसल्या होत्या आणि तिथे त्यांनी अंडी घातली होती.