गडगडाट आणि आमचा वाघ्या

आमचा कुत्रा वाघ्या नावाचाच वाघ. इंदूरला जूनमध्ये पहिला गडगडाट झाला की रामबागेतल्या आमच्या घरात हा पलंगाखाली, लाळ गाळत, थरथरत. गेल्या वर्षी तर दाराची चौकट नखांनी खरवडली. ओरखडे अजून आहेत. आई म्हणायची, "लाड करू नकोस, आणखी भित्रा होईल." तसं होत नाही. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, रागावल्याने मात्र वाढते.

जिन्याखालच्या कोनाड्यात जुनी गोधडी अंथरली, पुढे जाड चादर सोडली. तिथे तो आपणहून जातो. मी ओढून नेत नाही. गडगडाट दबावा म्हणून पंखाही मोठा करते.

खरं काम हिवाळ्यात केलं. मोबाइलवर ढगांचा आवाज लावायचा, इतका हळू की त्याचा फक्त कान हलावा, आणि सोबत पनीरचे तुकडे. रोज 5-10 मिनिटं. आवाज अगदी थोडा थोडा वाढवायचा. त्याने पनीर सोडलं की समजायचं, आपली घाई झाली. माझी दोनदा झाली. पुन्हा खालून सुरुवात.

माणसांची झोपेची गोळी मात्र देऊ नका. औषध लागलंच तर पशुवैद्याला विचारूनच.

यंदा वीज कडाडली तेव्हा वाघ्या कोनाड्यात शिरला आणि चादरीतून नाक काढून पनीरच्या डब्याकडे बघत बसला.